मामांची ‘मार्क टू’

काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवाळी अंकात मी जुन्या मोटारींवर लेख लिहिला होता. त्यात ओघाओघात एक वाक्य येऊन गेले: ‘निमगाव केतकीला, पानमळ्याच्या कडेला, माझ्या मामांच्या पत्र्याच्या शेडमध्ये एम. जी. टी. डी. मार्क टू ही अत्यंत दुर्मिळ उघडी मोटार उभी आहे.’ वाक्य मोठे ऐटदार होते. मामांनी ते पान कापून, काचेच्या चौकटीत बसवून, ओसरीवर विठोबाच्या तसबिरीशेजारी टांगले. वाक्यात खोट इतकीच होती की, ते लिहिण्यापूर्वी मी त्या गाडीचे बॉनेटदेखील उघडून पाहिले नव्हते. मामा म्हणाले मार्क टू, मी लिहिले मार्क टू!

ते वाक्य गेल्या आषाढात माझ्याकडे वसुलीला आले.

तुकोबांची पालखी निमगावचा मुक्काम हलवून इंदापूरकडे गेली, त्यानंतर तीन-चार दिवसांनी मामांचा फोन आला. मुंबईचे कोणी हौशी गृहस्थ गाडी पाहून गेले होते. ‘‘रविवारी विसार घेऊन येतायत,’’ मामा म्हणाले. ‘‘तुझा लेख त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, भाच्यांनी मार्क टू असल्याचं एका कागदावर लिहून सही दिली की झालं. तू शनिवारीच ये.’’

मामांचे वय सत्त्याऐंशी. त्यांची नात बारामतीला इंजिनिअरिंग शिकते आणि तिची दोन वर्षांची फी अजून भरायची आहे. साध्या टी. डी.ची किंमत आणि मार्क टूची किंमत यांत, त्या गृहस्थांच्या बोलण्यावरून, जवळजवळ त्या दोन वर्षांच्या फीइतके अंतर होते. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. सही करण्यापूर्वी कागद वाचायची सवय हाडात मुरलेली. ‘‘येतो,’’ म्हणालो खरा, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता ही मार्क टू म्हणजे काय प्रकरण आहे ते, ज्या वाचकांना मोटारीत बसण्यापलीकडे तिच्याशी कर्तव्य नाही, त्यांच्यासाठी सांगायला हवे.

एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या या गॅरेजचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्यासुध्या मॉरिस गाड्यांवर देखणे, हलके सांगाडे चढवायला सुरुवात केली, आणि १९२९ पासून ॲबिंग्डन या गावी एम. जी.चा स्वतंत्र कारखाना चालू लागला. महायुद्ध संपताच १९४५ साली त्यांनी टी. सी. काढली. दोघांपुरती बैठक, वर कापडी टप, तारांची उंच चाके. १९५० साली तिच्या पाठची टी. डी. बाजारात आली. हिची चाके पत्र्याची आणि बुटकी, पुढच्या चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा, पोटात १२५० सी. सी.चे एंजिन. १९५३ पर्यंत अशा साडेएकोणतीस हजारांच्या घरात गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक थेट अमेरिकेला गेल्या. कारखान्यातल्या मंडळींना विनोदाचे अंग असावे. या दोन्ही गाड्यांचे क्रमांक एकपासून सुरू न होता २५१ पासून सुरू होतात. कारण काय, तर कारखान्याच्या टेलिफोनचा नंबर २५१ होता!

ज्यांना शर्यतीची खुमखुमी होती त्यांच्यासाठी त्याच कारखान्याने त्याच टी. डी.ची एक तिखट आवृत्ती बांधली. तीच मार्क टू. साऱ्या मिळून सतराशेच्या आसपास, म्हणजे शंभर टी. डी.त जेमतेम सहा. लांबून पाहाल तर दोघी जुळ्या बहिणी. जवळ गेल्यावर मात्र फरक दिसू लागतो. मार्क टूच्या दोन कार्बोरेटरांची तोंडे सव्वा इंचाऐवजी दीड इंचाची. पेट्रोल खेचणारे विजेचे पंप एकाच्या जागी दोन. नेहमीच्या तेलाच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या जोडीला ‘अँड्रेक्स’ नावाचे, घर्षणावर चालणारे, जादा शॉक अॅब्सॉर्बर. मोठ्या कार्बोरेटरला जागा व्हावी म्हणून बॉनेटच्या उजव्या अंगाला फुगवटा. मागच्या धुरीतल्या चक्रांचे दाते निराळे. आणि कारखान्याच्या धातूच्या पट्टीवर नुसते ‘टी. डी.’ नव्हे, तर पुढे एक ‘सी’ अक्षर जास्त.

जिथे जादा पैसा, तिथे नक्कल आलीच, आणि ती सगळ्याच नामांकित गाड्यांच्या नशिबी आहे. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात जॅग्वारची एक्स. के. १२० झळकली. पहिल्या सुमारे अडीचशे गाड्यांचे अंग हाताने घडवलेल्या ॲल्युमिनिअमचे होते. मागणी इतकी आली की पुढे पोलादी पत्र्याचे अंग करावे लागले. आज त्या पहिल्या गाड्यांना सोन्याचे मोल आहे. खिशात लोहचुंबक घेऊन फिरणारे कित्येक शहाणे दारावर किंवा बॉनेटवर चुंबक लावतात, तो चिकटत नाही म्हणून हरखतात आणि फसतात. कारण पोलादी गाड्यांचीसुद्धा दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनिअमचेच होते! चुंबक लावायचा तो मडगार्डला.

एम. जी.च्याच पुढच्या ‘ए’ गाडीची ट्विन कॅम नावाची जात १९५८ ते १९६० मध्ये निघाली, अवघ्या २१११. तिची चाके मध्यभागी एकाच मोठ्या नटावर बसत. ती चाके दिसली की लोक ‘ट्विन कॅम!’ म्हणून ओरडतात. पण ती गाडी बंद झाल्यावर उरलेला माल कारखान्यानेच साध्या एंजिनाच्या काही गाड्यांना लावून टाकला होता, आणि त्याही आता दुर्मिळ म्हणून विकल्या जातात. एका खुणेवर भिस्त ठेवणाऱ्याची या धंद्यात फजिती ठरलेली.

हे सगळे मला ठाऊक होते, बरे का. चारचौघांत सांगतही होतो. फक्त मामांच्या शेडमध्ये ते वापरले नव्हते.

शनिवारी दुपारी निमगावला पोचलो. पाऊस उघडला होता, मळ्यातल्या पानवेली धुतल्यासारख्या दिसत होत्या. मामांकडे ही गाडी आली कशी, हे न सांगता पुढे जाता येणार नाही, कारण खरी गोम तिथेच आहे.

मामा मूळचे फिटर. उमेदवारी वालचंदनगरला केली. ज्या वालचंद हिराचंदांनी आमच्या इंदापूर तालुक्यात कळंबच्या रानात साखर कारखाना उभा केला आणि वालचंदनगर वसवले, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढून कुर्ल्याला मोटारी बांधायला घेतल्या. साखरेच्या कारखान्यात घाम गाळताना कुर्ल्याच्या मोटारींच्या गोष्टी कानावर पडत, आणि त्यातून हे वेड लागले, असे मामा सांगतात. एके दिवशी ते मुंबईला गेले ते एका खासगी गॅरेजात नोकरीला लागले. तो काळ मोठा चमत्कारिक होता. सरकारने १९५३ साली नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना आवरते घ्यायला लावले, जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद केला. त्याआधी हौशी लोकांनी आणलेल्या विलायती गाड्या मग सुट्या भागांवाचून एकेक करून गॅरेजांच्या कोपऱ्यांत बसल्या. मामांच्या गॅरेजातही अशी एक लाल टी. डी. बसली होती. मालक तिला घेऊन पस्तावले होते.

१९६८ साली गॅरेज बुडाले. मामांचा चौदा महिन्यांचा पगार थकलेला. मालकांनी त्यांना बोलावले आणि म्हणाले, ‘‘पैसे माझ्याकडे नाहीत. ही गाडी घेऊन जा. ही साधी टी. डी. नाही, मार्क टू आहे. माझ्यापाशी जे चांगलं उरलंय ते तुला देतोय.’’ घरी मामी पोटुशी. मामांनी पगाराच्या ऐवजी मोटार घेतली आणि ट्रकला बांधून गावी आणली. गाव हसले. मामी कित्येक महिने बोलल्या नाहीत. पुढे मामांनी ती चालती केली, पाच-पंचवीस नवरदेव तिच्यातून मिरवले, आणि नंतर ती शेडमध्ये जाऊन बसली. पण ‘‘मालकांनी आपल्याला चांगली वस्तू दिली,’’ हे वाक्य मात्र मामांनी पन्नासपंचावन्न वर्षे जपले. चौकटीतले माझे वाक्य म्हणजे त्याच वाक्यावर लेखकाने मारलेला शिक्का होता.

‘‘मामा, उद्या सही करण्यापूर्वी एकदा नीट बघू या का?’’ मी चाचरत म्हणालो.

‘‘म्हणजे? लिहिलंस तेव्हा बघितलं नव्हतंस?’’

मी गप्प. चहा घेऊन आलेल्या मामी म्हणाल्या, ‘‘पैठणी घ्यायची तर बायका पदर उलटा करून मागची बाजू आधी बघतात. हातमागाची असली तर मागूनही नक्षी तशीच दिसते. यंत्राची असली की धागे लोंबतात. आणि तू एवढी मोटार नुसती तोंडावरून वाखाणलीस होय रे?’’ यावर काय बोलणार? बाह्या सरसावून आम्ही शेडमध्ये गेलो.

कारखान्याची पट्टी जागेवर नव्हती, कधीतरी रंग देताना काढली ती गेली. चेसीवर ठोकलेला आकडा गंजाने खाल्लेला. पंप एकच होता, आणि दुसऱ्याच्या जागी भोकदेखील नव्हते. कार्बोरेटरचे तोंड मोजले, सव्वा इंच. मामा म्हणाले, ‘‘कार्बोरेटर काय, बदलतात.’’ खरे आहे, बदलतात. म्हणून खाली वाकून चेसीवर अँड्रेक्स बसवल्याची खूण शोधली. शॉक अॅब्सॉर्बर काढून टाकला तरी तो जिथे आवळला होता ती जागा सहसा बोलते. इथे सगळे मुके.

‘‘आणि हा फुगवटा?’’ मामांनी बॉनेटच्या उजव्या अंगावर हात ठेवला. फुगवटा होता खरा. मी काहीच बोललो नाही, फक्त बॉनेटची ती बाजू उचलून धरली. मामांनी आतून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. फिटरचा अंगठा तो, त्याला चष्मा लागत नाही. मग हळूच म्हणाले, ‘‘हातानं ठोकलाय. वर लांबी भरलीय.’’ कोणा पत्रेवाल्याने, कधीतरी, भलतेच एअर फिल्टर आत मावावे म्हणून हातोडीने जागा करून दिली असावी.

तरीही एक गोष्ट उरली होती, आणि मामांनीच ती काढली. ‘‘एंजिनावरची पट्टी बघ. ती कुणी बदललेली नाही.’’ चिंधीने तेल पुसले. अष्टकोनी पट्टीवर अक्षरे स्पष्ट होती: एक्स. पी. ए. जी., मग टी. डी. आणि पुढे २. ‘‘दोन! टी. डी. टू!’’ मामांचा चेहरा उजळला.

माझ्या पोटात मात्र खड्डा पडला. कारण याच दोनच्या आकड्याने जगभर शेकडो लोकांना चकवले आहे. १९५१ च्या सुमारास कारखान्याने साध्या टी. डी.चा क्लच सव्वासात इंचांचा होता तो आठ इंचांचा केला, आणि त्या सुधारलेल्या एंजिनाला ‘टी. डी. २’ ही खूण दिली. तिचा मार्क टूशी काही संबंध नाही. मार्क टूच्या एंजिनावर त्या काळात ‘टी. डी. ३’ असे. हे मी सांगितले. मामा ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘‘पुस्तकात असेल.’’

तेव्हा नात पुढे झाली. ‘‘दादा, मागच्या धुरीचे दाते वेगळे असतात म्हणालात ना? मग मोजू या की!’’

पोरीने लाख मोलाची गोष्ट काढली. साध्या टी. डी.त प्रोपेलर शाफ्टच्या दातेरी चक्राला आठ दाते आणि धुरीच्या मोठ्या चक्राला एकेचाळीस. मार्क टूत आठाला एकोणचाळीस. म्हणजे मागची दोन्ही चाके बरोबरीने आठ वेळा फिरवली, तर साध्या गाडीचा शाफ्ट एकेचाळीस फेऱ्या घेणार आणि मार्क टूचा एकोणचाळीस. यात ना पुस्तक लागते, ना पट्टी. पुढच्या चाकांना दगड लावले, मागची दोन्ही जॅकवर उचलली, गिअर मोकळा केला. नात गोणपाट टाकून गाडीखाली शिरली आणि शाफ्टवर खडूची रेघ ओढली. एका चाकाला मी, दुसऱ्याला शेजारचा मुलगा. मामा बाजल्यावर बसून चाकांच्या फेऱ्या मोजत होते, ती खालून शाफ्टच्या.

‘‘सात...’’ मामा म्हणाले. खालून आवाज येत होता, ‘‘छत्तीस... सदतीस... अडतीस...’’ आठवी फेरी पुरी होत आली तेव्हा मामी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. ‘‘एकोणचाळीस,’’ खालून आवाज आला. चाकावरची खूण अजून वर आली नव्हती. ‘‘चाळीस.’’ आम्ही फिरवतच होतो. ‘‘एकेचाळीस.’’ आणि चाकावरची खडूची रेघ बरोबर माथ्यावर येऊन थांबली.

कोणी काही बोलले नाही. मामा म्हणाले, ‘‘पुन्हा मोजा.’’ पुन्हा मोजले. एकेचाळीस. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः चाकाला हात लावला.

एक न्यायाची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. एकोणचाळीस आले असते तरी गाडी मार्क टू ठरली नसती, कारण तशी चक्रे साध्या गाडीलाही मागवून बसवता येत. आणि धुरी बदलली जाते, एंजिन बदलले जाते, अगदी चेसीही बदलली जाते. पण एक पंप, सव्वा इंचाची तोंडे, कोरी चेसी, हाताने ठोकलेला फुगवटा, एंजिनावर २ आणि खाली एकेचाळीस, असे सगळे साक्षीदार एकाच बाजूने बोलू लागले की निकाल राखून ठेवण्यात अर्थ नसतो.

रात्री जेवणे झाल्यावर मामा ओसरीवर बराच वेळ बसून होते. मी जवळ जाऊन बसलो. त्यांनी पैशाचे काहीच काढले नाही. म्हणाले, ‘‘म्हणजे मालकांनी मला फसवलं म्हणायचं. चौदा महिने, आणि वर ही थाप.’’

या प्रश्नाची मला दुपारपासून भीती वाटत होती. मी विचारले, ‘‘मामा, गाडी देताना ते नेमकं काय म्हणाले? आठवतं?’’

‘‘न आठवायला काय झालं? बॉनेट त्यांनीच उघडलं. खिशातला रुमाल काढून ती पट्टी पुसली, पांढरा रुमाल काळा झाला. मला जवळ बोलावून बोट ठेवलं. म्हणाले, हे बघ, टी. डी. टू. मार्क टू.’’

‘‘तीच पट्टी? दोन आकड्याची?’’

‘‘तीच.’’ मामा थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘त्यांनाही ठाऊक नव्हतं म्हणतोस?’’

‘‘मला शपथेवर नाही सांगता येणार. पण फसवायचं असतं, तर पट्टी पुसून कशाला दाखवली असती? झाकून ठेवली असती.’’

मामांनी पान लावले. अर्धे मला दिले. ‘‘रुमाल फुकट गेला बिचाऱ्याचा,’’ एवढेच म्हणाले आणि झोपायला गेले.

रविवारी दहाच्या सुमारास ते गृहस्थ आले. मी वाक्याची जुळवाजुळव करीत होतो, पण मामांनी मला तोंडच उघडू दिले नाही. ‘‘साहेब, आधी गाडी बघा, मग चहा. ही मार्क टू नाही. आम्ही काल मोजली.’’ गृहस्थ भले होते. त्यांनी नातीकडून सगळे समजावून घेतले, स्वतः गाडीखाली डोकावले, हसले आणि म्हणाले, ‘‘इतक्या गाड्या पाहिल्या, पण असं आधी सांगणारा मालक पाहिला नव्हता.’’ मात्र त्यांना हवी होती मार्क टूच. चहा झाला, पोहे झाले, विसाराचे पाकीट जसे आले तसे परत मुंबईला गेले. मामांची मोटार अजून निमगावलाच आहे. साधी टी. डी. म्हणून कोणी विचारले तर देणार का, या प्रश्नाला मामा सरळ उत्तर देत नाहीत.

माझी सही मात्र झाली. नातीच्या शैक्षणिक कर्जाच्या कागदावर, जामीनदार म्हणून. या खेपेस सही करण्यापूर्वी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

निघताना मी चौकटीतले ते पान काढायला हात घातला, तर मामा खेकसले. ‘‘राहू दे तिथंच. लिहिणाऱ्याला जिथं चुकायला येतं, तिथंच दुरुस्तही करायला आलं पाहिजे. त्याच दिवाळी अंकात छाप. मी खाली लावीन.’’ तेव्हा वाचकहो, दुरुस्ती अशी: निमगाव केतकीला माझ्या मामांच्या शेडमध्ये उभी असलेली लाल मोटार मार्क टू नसून साधी एम. जी. टी. डी. आहे. मागच्या धुरीचे दाते आठास एकेचाळीस. तीनदा मोजले.

मामांनी चौकट मोठी करून घेतली आहे, आणि खालची अर्धी जागा मोकळी ठेवली आहे.